पाऊल व घोट्यातील मज्जातंतूंचा अवरोध : शस्त्रकर्माचा विचार केव्हा, कोणता व कितपत?

प्रस्तावना

तळपायांची आग होणे, मुंग्या येणे, टाच ठणकणे, पाऊल बधिर होणे या तक्रारी घेऊन येणारा रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात रोज येतो. हातकणंगले तालुक्याचे जीवनच असे आहे की पायावरचा ताण येथे कोणाला चुकत नाही. इचलकरंजीत यंत्रमागावर पाळीभर उभा राहणारा कामगार, हुपरीत दिवसभर मांडी घालून चांदीचे दागिने घडविणारा कारागीर, उसाच्या सरीत तासन्‌तास उकिडवे बसून भांगलण करणारी स्त्री हे सर्व आपले रुग्ण आहेत. त्यांच्या तक्रारी ऐकताच पाददाह, पादहर्ष, वातकंटक किंवा गृध्रसी यांपैकी एक निदान आपल्या मनात येते व अभ्यंग, स्वेदन, गुग्गुळकल्प अशी चिकित्सा सुरू होते. अनेकांना तिचा उपशयही मिळतो.

तथापि या रुग्णांमध्ये काही जण असे असतात की ज्यांचा मज्जातंतू एका ठराविक ठिकाणी, ठराविक कारणाने दाबला गेलेला असतो. त्यांतील काहींना शस्त्रकर्मावाचून बरे वाटणे कठीण असते. याउलट काही रुग्ण असे असतात की शस्त्रकर्म करूनही त्यांना लाभ होत नाही, कारण त्यांचा तंतू दाबला गेलेला नसून क्षीण झालेला असतो. आणि एक तिसरा गट असा आहे की ज्यात दोन्ही गोष्टी एकत्र असतात व काळ फार थोडा असतो. प्रस्तुत लेखात या तीन गटांचा भेद, उपलब्ध शस्त्रकर्मे, त्यांच्या मर्यादा आणि वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य यांचा विचार केला आहे.

शास्त्रीय भूमिका

चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सेत वातप्रकोपाची दोन मूलभूत कारणे सांगितली आहेत : धातुक्षय आणि मार्गावरोध. प्रस्तुत विषयाची गुरुकिल्ली या सूत्रात आहे. घोट्याजवळील अरुंद मार्गात गाठ, सूज किंवा जाड झालेला बंधपट्टा यांमुळे मज्जातंतू दाबला गेला तर तो मार्गावरोध होय. दीर्घकालीन मधुमेहात तंतूंची टोके झिजतात, तो धातुक्षय होय. शस्त्र मार्गातील अवरोध दूर करू शकते. क्षीण झालेला धातू ते देऊ शकत नाही. पुढील सर्व विवेचन या एका वाक्याचा विस्तार आहे, असे म्हटले तरी चालेल.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पाददाह व पादहर्ष यांचा स्पष्ट भेद केला आहे. पाददाहात पित्त व रक्त यांसह वात असून दाह विशेषतः चालताना होतो. पादहर्षात कफ व वात असून पाय शहारल्यासारखे व सुप्त झाल्यासारखे वाटतात. पाऊल विषम पडल्याने होणाऱ्या वेदनेस त्यांनी वातकंटक म्हटले आहे. शारीरस्थानात गुल्फ हे दोन अंगुल प्रमाणाचे संधिमर्म सांगून त्याची गणना रुजाकर मर्मांत केली आहे. तेथे आघात झाल्यास वेदना, पाय ताठणे किंवा लंगडेपणा येतो. ज्या स्थानी आज शल्यचिकित्सक मज्जातंतू मोकळा करतात, त्या स्थानाचे महत्त्व आपल्या आचार्यांनी असे नोंदवून ठेवले आहे.

शारीर : अवरोध कोठे होतो?

पाऊल व घोट्याच्या संदर्भात पुढील पाच स्थाने लक्षात ठेवावीत.

१) टार्सल टनेल : आतील घोट्याच्या हाडामागे व खाली हाडे आणि फ्लेक्सर रेटिनॅक्युलम नावाचा बंधपट्टा यांच्यामध्ये एक बोगद्यासारखा मार्ग आहे. त्यातून तीन कंडरा, पोस्टीरियर टिबियल धमनी व नीला आणि टिबियल मज्जातंतू जातात. याच परिसरात तंतूच्या टाचेकडील शाखा व तळव्याकडील आतील आणि बाहेरील शाखा फुटतात. येथे दाब पडल्यास तळवा व बोटे यांत दाह, मुंग्या व बधिरता येते. पायाचा वरचा पृष्ठभाग मात्र सहसा मुक्त राहतो.

२) टाचेखालील बॅक्स्टर तंतू : तळव्याच्या बाहेरील शाखेची ही पहिली उपशाखा स्नायूंच्या मधून टाचेखाली जाते. तिचा अवरोध टाचदुखीसारखाच भासतो.

३) पुढील बोटांमधील जागा : बहुधा तिसऱ्या व चौथ्या बोटांमध्ये तंतू जाड होऊन वेदना होते. यास मॉर्टनचा न्यूरोमा म्हणतात.

४) पावलाच्या वरची बाजू व नडगीची बाहेरील बाजू : डीप पेरोनियल तंतू घोट्यासमोरील बंधपट्ट्याखाली दाबला जातो, अंगठा व दुसरे बोट यांमधील बेचक्यात बधिरता हे त्याचे चिन्ह. सुपरफिशियल पेरोनियल तंतू बाहेरील घोट्याच्या साधारण १० ते १२ सें.मी. वर प्रावरणी भेदून त्वचेखाली येतो व तेथेच अडकू शकतो.

५) गुडघ्याच्या बाहेरील बाजूस अनुजंघास्थीची मान : रोग पावलात दिसतो, परंतु अवरोध येथे असतो. कॉमन पेरोनियल तंतू येथे हाडाला लागून, जवळजवळ त्वचेखालीच असतो. दीर्घकाळ उकिडवे बसणे, पायावर पाय टाकून बसणे, घट्ट प्लास्टर यांमुळे तो दाबला जाऊन पाऊल लोंबते. आपण रुग्णांना वज्रासनाचा सल्ला देतो. त्या आसनात फार वेळ बसल्याने पाऊल लोंबल्याची नोंद १९७१ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात झाली आहे. आसन त्याज्य आहे असे नव्हे, परंतु मात्रा व काल यांचा विचार येथेही हवा.

हे ज्ञान फार जुने नाही. थॉमस मॉर्टन यांनी बोटांमधील वेदनेचे वर्णन १८७६ मध्ये केले. टार्सल टनेल सिंड्रोम हे नाव १९६२ मध्ये केक व लॅम या दोघांच्या स्वतंत्र लेखनातून रूढ झाले.

परीक्षा व सापेक्ष निदान

निदानासाठी महागडी यंत्रे नंतर येतात. प्रथम हात व डोळे यांचे काम असते.

प्रश्न : आग दोन्ही पायांत सारखी आहे की एकाच पायात? दोन्ही पायांत, बोटांपासून सुरू होऊन मोज्याप्रमाणे वर चढणारी बधिरता असल्यास मधुमेह, जीवनसत्त्व ब-१२ ची न्यूनता, मद्यपान, थायरॉईडचे विकार यांचा विचार आधी करावा. एकाच पायात, एका तंतूच्या क्षेत्रापुरती तक्रार असल्यास अवरोधाची शक्यता वाढते. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखून चालल्यावर कमी होत असेल तर तो बहुधा तळव्याच्या प्रावरणीचा शोथ होय. दिवस चढेल तशी वेदना वाढत असेल व रात्री जाग येत असेल तर तंतूचा विचार करावा.

दर्शन : दोन्ही पाय उघडे करून, उभे करून पाहावे. टाच बाहेर झुकली आहे का, तळवा सपाट आहे का, आतील घोट्यामागे फुगवटा, गाठ किंवा शिरांचे जाळे आहे का, तळव्यावर घट्टे वा व्रण आहेत का, त्वचेवर फिकट चट्टे आहेत का, हे पाहावे.

स्पर्शन : आतील घोट्यामागे बोटाने हलके ठोकल्यास तळव्यात विजेसारखी चमक जाते, हे टिनेल चिन्ह होय. घोटा पूर्ण वर व बाहेर वळवून, बोटे ताणून ५ ते १० सेकंद धरल्यास लक्षणे उत्पन्न होतात का ते पाहावे. मॉर्टनच्या विकारात पावलाचा पुढील भाग दोन्ही बाजूंनी दाबल्यास 'कट्' असा स्पर्श जाणवतो. कापूस व १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट धागा यांनी तळव्याची संवेदना तपासावी. पायाच्या धमन्यांचे स्पंदन अवश्य पाहावे.

बल : रुग्णास टाचांवर चालण्यास सांगावे. चालता येत नसेल तर पाऊल उचलणारे स्नायू दुर्बल आहेत. अशा वेळी कंबर व गृध्रसी यांची परीक्षा तितकीच आवश्यक असते, कारण कमरेतील पाचव्या मुळावरील दाबही हेच चित्र दाखवितो.

यानंतर मज्जातंतू वहन चाचणी, सोनोग्राफी व आवश्यकतेनुसार एम.आर.आय. करावे. सोनोग्राफीत गँग्लिऑन, मेदाची गाठ किंवा फुगलेल्या शिरा दिसल्या तर निर्णय बराच सोपा होतो. वहन चाचणी अविकृत आली म्हणून अवरोध नाहीच, असा निष्कर्ष काढू नये.

एकच तक्रार, दोन रुग्ण

विषय स्पष्ट होण्यासाठी दोन काल्पनिक रुग्ण घेऊ. दोघेही चाळिशीतील, दोघांचीही तक्रार 'उजव्या तळव्याची आग व मुंग्या, सहा आठवड्यांपासून' हीच. पहिल्याच्या घोट्यामागे मऊ गाठ हाताला लागते, ठोकल्यावर चमक येते, शर्करा प्राकृत आहे, त्वचा निर्मळ आहे. हा गँग्लिऑनमुळे झालेला मार्गावरोध आहे. त्यास महिनोन्महिने तैल व वटी देत राहणे म्हणजे बंद दारावर थाप मारत राहणे होय. गाठ काढून तंतू मोकळा केल्यास त्यास उत्तम लाभाची आशा असते.

दुसऱ्याच्या घोट्यामागे तंतूच दोरीसारखा जाड व दाबल्यास दुखरा लागतो. तळव्यावर कापसाचा स्पर्श कळत नाही. पाठ उघडी करून पाहिल्यास एक फिकट, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा दिसतो. हा कुष्ठरोग आहे. कुष्ठाच्या पूर्वरूपांत स्पर्शाज्ञान सांगितलेच आहे. या रुग्णास 'पाददाह' समजून चार महिने स्वेदन केले, तर दोन आपत्ती ओढवतात : तंतू कायमचा मरतो, आणि न कळणाऱ्या तळव्यावर भाजून व्रण होतो.

कुष्ठरोगाचा विसर नको

भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याची राष्ट्रीय घोषणा डिसेंबर २००५ मध्ये झाली. त्यामुळे हा रोग संपला, अशी समजूत वैद्यकवर्गातही पसरली. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्रात नवे रुग्ण आजही आढळतात. या रोगात पायाचे दोन तंतू विशेषेकरून बाधित होतात : घोट्यामागील पोस्टीरियर टिबियल व गुडघ्याजवळील कॉमन पेरोनियल. रोगाच्या प्रतिक्रियेमुळे तंतू आतून सुजतो आणि त्याच वेळी बाहेरील न ताणणाऱ्या बंधपट्ट्यात आवळला जातो. धातुनाश व मार्गावरोध एकत्र येतात ते येथे.

याची पहिली चिकित्सा शस्त्र नव्हे. बहुऔषधोपचार, जो प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतो, आणि तंतुशोथासाठी प्रेडनिसोलोन, जे काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी केले जाते, ही मुख्य चिकित्सा होय. तंतूचे कार्य बिघडून सहा महिने होण्यापूर्वी ही चिकित्सा सुरू झाल्यास कार्य परत येण्याची शक्यता असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते. तंतूत पू झाल्यास, किंवा पुरेशी मात्रा देऊनही वेदना व दुर्बलता वाढत राहिल्यास शस्त्राने तंतू मोकळा करण्याचा विचार होतो. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०१२ मधील कॉक्रेन समीक्षेनुसार, केवळ स्टिरॉईडपेक्षा स्टिरॉईड व शस्त्रकर्म मिळून अधिक लाभ होतो, असे सिद्ध करणारा भक्कम पुरावा उपलब्ध झाला नव्हता. म्हणून शस्त्रकर्म हे निवडक रुग्णांसाठीच आहे.

तंतू मेलाच तर पुढे काय, याचे उत्तर याच देशात शोधले गेले. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णाचे व्रण मांस 'सडके' असल्यामुळे होत नसून वेदना न कळल्यामुळे होतात. आपल्या राज्यात डॉ. नोशीर अंतिया (१९२२–२००७) यांनी पुण्याजवळील कोंढवा व पुढे मुंबईचे जे. जे. रुग्णालय येथे कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेचे मोठे काम केले. आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या लोहमार्गावरील मिरजेत रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालयाने हे कार्य केले आहे. लोंबणाऱ्या पावलासाठी टिबियालिस पोस्टीरियर या स्नायूची कंडरा पावलाच्या वरच्या बाजूस आणून जोडतात, म्हणजे पाऊल पुन्हा उचलता येते. मात्र त्याने तळव्याची संवेदना परत येत नाही.

शस्त्रकर्माचे पर्याय

सामान्य अवरोधात, गाठ किंवा वाढती दुर्बलता नसल्यास, प्रथम तीन ते सहा महिने शस्त्रेतर चिकित्सा करावी, असा संकेत आहे. विश्रांती, योग्य पादत्राण, कमानीस आधार, वजन कमी करणे, आवश्यकतेनुसार स्थानिक स्टिरॉईड सूचिवेध आणि आपली स्नेहन-स्वेदनादी चिकित्सा यांचा हा काल होय. गाठ स्पष्ट असल्यास किंवा स्नायू दुर्बल होत असल्यास थांबू नये.

टार्सल टनेल मोकळा करणे : आतील घोट्यामागे वक्र छेद घेऊन बंधपट्टा संपूर्ण लांबीने उघडतात व तंतूच्या शाखा तळव्याकडे जेथे स्नायूंच्या प्रावरणीखाली शिरतात, तेथपर्यंत त्या मोकळ्या करतात. केवळ वरचा पट्टा कापून थांबणे हे अपयशाचे एक प्रमुख कारण मानले जाते. गाठ असल्यास ती काढतात.

बॅक्स्टर तंतू : अंगठ्याकडील स्नायूची खोल प्रावरणी उघडून तंतू मोकळा करतात, आवश्यकतेनुसार तळव्याच्या प्रावरणीचा काही भागही सोडवितात.

मॉर्टनचा न्यूरोमा : रुंद पुढचा भाग असलेले पादत्राण, गादी व सूचिवेध यांनी न भागल्यास दोन पर्याय असतात. एकात हाडांना जोडणारा आडवा बंध कापून तंतूला जागा देतात. दुसऱ्यात जाड झालेला तंतू कापून काढतात. दुसऱ्या पर्यायात त्या दोन बोटांच्या बेचक्यात कायमची बधिरता राहते व कापलेल्या टोकास पुन्हा वेदनायुक्त गाठ होऊ शकते. रुग्णास हे आधी सांगणे आवश्यक आहे.

पेरोनियल तंतू : सुपरफिशियल तंतूसाठी तो बाहेर पडतो तेथील प्रावरणी, डीप तंतूसाठी घोट्यासमोरील बंधपट्टा सोडवितात, हाडाचा काटा दाबत असल्यास तो काढतात. गुडघ्याजवळील कॉमन पेरोनियल तंतूसाठी त्यावरील स्नायूची आवळणारी प्रावरणी उघडतात. बसण्याच्या सवयीमुळे आलेली दुर्बलता सवय सोडल्यावर अनेकदा आपोआप भरून येते. तीन-चार महिन्यांत सुधारणा न दिसल्यास किंवा गाठ आढळल्यास शस्त्रकर्माचा विचार होतो.

मधुमेहातील वाद : मधुमेही रुग्णात तंतू सुजून अरुंद मार्गात दाबले जातात, म्हणून पायाचे अनेक तंतू एकाच वेळी मोकळे करावेत, हा विचार अमेरिकेतील डॉ. ली डेलन यांनी मांडला. २००६ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने या उपायाचा लाभ सिद्ध झालेला नाही, असे मत दिले. पुढेही त्यावर मतभेद राहिले. म्हणून दोन्ही पाय मोज्याप्रमाणे बधिर असलेल्या मधुमेहीस केवळ आशेपोटी शस्त्रकर्मास पाठवू नये. त्याच मधुमेहीस एका ठिकाणी स्पष्ट टिनेल चिन्ह व एका तंतूपुरती लक्षणे असतील, तर मात्र तज्ज्ञाचे मत घ्यावे.

पूर्वकर्म, प्रधानकर्म, पश्चात्कर्म

पूर्वकर्म : शर्करा व रक्तदाब आटोक्यात हवेत, पायाचा रक्तप्रवाह पुरेसा हवा. तंबाखू व धूम्रपान बंद असावे, कारण व्रणरोहण त्यामुळे मंदावते. रुग्ण घेत असलेली सर्व आयुर्वेदीय औषधे शल्यचिकित्सकास व भूलतज्ज्ञास लिहून द्यावीत. लसूण अधिक मात्रेत असलेले कल्प रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकतात. ते आधी थांबवावेत. 'आयुर्वेदीय औषध आहे, सांगण्याची गरज नाही' हा समज रुग्णास घातक ठरू शकतो.

प्रधानकर्म : मज्जातंतूची सूक्ष्म शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव असलेल्या अस्थिशल्य किंवा प्लास्टिक शल्यतज्ज्ञाचेच हे काम आहे. टाचेकडील सूक्ष्म शाखा दुखावणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, व्रण उशिरा भरणे, छेदाच्या वणात तंतू पुन्हा आवळणे हे संभाव्य उपद्रव होत.

पश्चात्कर्म : येथे आपला सहभाग मोठा आहे. टाके साधारणतः दोन-तीन आठवड्यांनी काढतात. तोपर्यंत पाय उंच ठेवावा व शल्यतज्ज्ञ सांगतील तितकाच भार द्यावा. व्रण पूर्ण भरेपर्यंत त्यावर तैल, लेप वा स्वेदन करू नये. त्यानंतर वणावर हलका अभ्यंग, घोटा व बोटांच्या मृदू हालचाली सुरू कराव्यात. संवेदना परत येईपर्यंत उष्ण उपचार वर्ज्य.

येथे रुग्णास काळाचे गणित समजावून द्यावे. तंतूची वाढ साधारणतः दिवसाला १ मि.मी. या गतीने होते. घोट्यापासून बोटांच्या टोकापर्यंत १५ ते २० सें.मी. अंतर धरल्यास पाच ते सात महिने लागतात. तंतू परतताना मुंग्या वाढल्यासारख्या वाटतात. तो बिघाड नसून बहुधा सुधारणेचे लक्षण असते. दुसऱ्या महिन्यात 'गुण नाही' म्हणून निराश होणाऱ्या रुग्णास हेच गणित धीर देते.

फलश्रुती

टार्सल टनेल शस्त्रकर्माचे यश वेगवेगळ्या अहवालांत ४४ ते ९६ टक्के इतके भिन्न आढळते. एवढा फरक निवडीतील भेदामुळे पडतो. दाबणारी गाठ स्पष्ट असणे, लक्षणांचा काल थोडा असणे, टिनेल चिन्ह असणे हे शुभ लक्षण. कारण न सापडणे, वर्षानुवर्षांची बधिरता, एकदा शस्त्रकर्म होऊन लक्षणे परतणे हे अशुभ लक्षण. साध्यासाध्यत्वाचा विचार केल्याशिवाय चिकित्सा करू नये, ही आपली परंपरा येथे तंतोतंत लागू पडते.

आपल्या उपक्रमांविषयी सावधगिरी

अग्निकर्म व सिराव्यध हे आपले अधिकाराचे विषय आहेत. पाददाह, पादहर्ष, वातकंटक यांत क्षिप्र मर्माच्या वर दोन अंगुलांवर सिराव्यध सांगितला आहे. परंतु पूर्वी संवेदना तपासल्याशिवाय पायावर अग्निकर्म, पत्रपोट्टली, विटेचा शेक यांपैकी काहीही करू नये. बधिर पायावर रुग्ण 'पुरे' असे म्हणू शकत नाही. त्यामुळे मात्रेचे एकमेव माप नाहीसे होते. आतील घोट्यामागे धमनी व तंतू एकत्र असल्याने तेथे खोल वेध टाळावा. बधिर तळव्याच्या रुग्णास मायक्रोसेल्युलर रबरचे मऊ पादत्राण, रोज रात्री तळव्यांची पाहणी व अनवाणी न चालणे या तीन गोष्टी लिहून द्याव्यात. आपल्या भागातील कठीण चामड्याची सपाट चप्पल निरोगी पायास शोभते. बधिर पायास ती योग्य नाही.

औषधविक्रेत्यांसाठी

वैद्याकडे जाण्यापूर्वी रुग्ण दुकानात येतो. महानारायण तैलाची तिसरी बाटली किंवा 'नसांच्या गोळ्या' वारंवार नेणाऱ्या ग्राहकास तीन प्रश्न विचारावेत : पाय बधिर आहे का? चप्पल पायातून निसटलेली कळत नाही का? अंगावर न खाजणारा फिकट चट्टा आहे का? एकाचेही उत्तर 'होय' असल्यास बाटलीसोबत तपासणीचा आग्रहही द्यावा. घटक न लिहिलेल्या, 'तात्काळ गुण' देणाऱ्या पुड्या ठेवू नयेत. अशा पुड्यांत स्टिरॉईडची भेसळ आढळल्याची उदाहरणे आहेत. शासकीय केंद्रातून प्रेडनिसोलोन घेणाऱ्या रुग्णास ते अचानक बंद करण्याचा सल्ला कोणीही देऊ नये.

समारोप

पायाची आग हे लक्षण आहे, निदान नव्हे. अवरोध असेल तर शस्त्र उपयोगी. क्षय असेल तर शर्करा, पोषण व पादरक्षण उपयोगी. कुष्ठरोग असेल तर बहुऔषधोपचार व वेळ हेच सर्वस्व. या तिन्हींचा भेद करण्यासाठी कापसाचा बोळा, एक धागा आणि रुग्णाचे दोन्ही पाय उघडे करून पाहण्याची पाच मिनिटे पुरतात. गरज पडल्यास इचलकरंजीचे इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय वा मिरज येथे रुग्णास वेळेत, लेखी चिठ्ठीसह पाठविणे यात वैद्याचा कमीपणा नाही. शस्त्रसाध्य व्याधी ओळखून शल्यतज्ज्ञाच्या हाती सोपविणे हाही चिकित्सेचाच भाग आहे. पुढील आठवड्यात पायाच्या आगीची तक्रार घेऊन येणाऱ्या पहिल्या रुग्णाच्या घोट्यामागे आपण बोट ठेवून पाहिले, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे समजावे.